मुदत संपली, खुर्ची सुटेना

ग्रामपंचायतीची निवडणूक लांबली की आमचे वकील रिट याचिका घेऊन उच्च न्यायालयात धाव घेतात. मुदत संपलेल्या सोसायटीच्या चेअरमनने चेकवर सही केली, तर त्याला कोर्टाची पायरी चढायला लावतात. त्याबद्दल त्यांचे कौतुकच आहे. पण त्यांच्याच बार कौन्सिलची मुदत संपते, वर्षामागून वर्ष जाते, तीच माणसे त्याच खुर्च्यांवर बसून राहतात आणि काळ्या कोटातला हा बोलका समाज मूग गिळून बसतो, याची आम्हाला चीड येते.

महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची निवडणूक 2018 साली झाली. 1961 च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टने सभासदांना पाच वर्षे दिली आहेत आणि फार तर सहा महिन्यांची वाढ. त्यानंतरही निवडणूक झाली नाही तर विशेष समितीच्या हाती कारभार देण्याची सोय त्याच कायद्यात आहे. तरीही देशभर काय झाले? पदव्यांची पडताळणी चालू आहे, मतदारयादी तयार नाही, असे सांगत मुदतवाढीचे नियम करून घेतले गेले. अखेर 2025 साली सर्वोच्च न्यायालयाला कौन्सिलांच्या निवडणुकांसाठी तारीख ठरवून द्यावी लागली. बोगस पदव्यांची माणसे शोधलीच पाहिजेत, त्याबद्दल दुमत नाही. पण वर्षानुवर्षे न संपणारी पडताळणी ज्यांनी चालवायची, त्यांचीच खुर्ची त्या विलंबाने टिकत असेल, तर ती पडताळणी कधी संपणार?

दोष माणसांचा आहेच, पण त्याहून मोठा दोष बांधणीचा आहे. तळाला तालुक्या-जिल्ह्यांचे वकील संघ आहेत. तिथे वकील सभासद होतो, वर्गणी भरतो, अध्यक्ष निवडतो. त्याच्या वर राज्याची बार कौन्सिल आहे. तिच्या पंचवीस जागांसाठी राज्यभरातले वकील पसंतीक्रमाने मत देतात. इथवर ठीक. पण सर्वांत वर जी बार कौन्सिल ऑफ इंडिया आहे, तिच्यासाठी साध्या वकिलाला मतच नाही! प्रत्येक राज्य कौन्सिल आपल्यातला एक सभासद वर पाठवते. अ‍ॅटर्नी जनरल आणि सॉलिसिटर जनरल पदसिद्ध. म्हणजे देशातल्या वकिलीचे नियम जे ठरवतात, ते निवडून येतात पंचवीस जणांच्या खोलीत. लाखाहून अधिक वकिलांच्या महाराष्ट्र-गोव्याला तिथे एक जागा आणि चिमुकल्या राज्याच्या कौन्सिललाही एकच. गडचिरोलीच्या वकिलाने त्या खोलीतल्या माणसाला जाब विचारायचा तरी कोणत्या मताच्या जोरावर?

त्यात छडी आणि छत्री एकाच हातात. वकिलांचे हक्क जपायचे हेही कौन्सिलचे काम आणि वकिलाने अशिलाला बुडवले तर त्याला शिक्षा करायची हेही तिचेच. शिस्तपालन समितीचे तीन सभासद. त्यातले दोन कौन्सिलचे, म्हणजे ज्याची चौकशी करायची त्याच्याच मतांवर निवडून आलेले, आणि तिसरा त्यांनीच घेतलेला वकील. तक्रार वर्षभरात निकाली काढली पाहिजे असे कायदा सांगतो. पण नाडलेल्या शेतकऱ्याने आपले गाऱ्हाणे वकिलांनी निवडलेल्या वकिलांपुढेच मांडायचे, ही व्यवस्था त्याला विश्वास देणार कसा? न्यायाधीश आपल्या ओळखीच्या पक्षकाराचे प्रकरण ऐकत नाही, हे वकिलांना आम्ही सांगायला हवे काय?

आणि पैसा! कायद्याने सनदेची फी साडेसातशे रुपये ठरवली आहे, अनुसूचित जाती-जमातींसाठी सव्वाशे. प्रत्यक्षात ओडिशात 42,100 रुपये घेतले जात होते, केरळात वीस हजारांवर. ग्रंथालय, इमारत, कल्याण निधी अशी नावे लावून ही वसुली वर्षानुवर्षे चालली. 30 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरवली, पण निकाल पुढच्यांसाठी. आधी घेतलेले परत करण्याचे बंधन नाही. आम्ही एका तालुका कोर्टाच्या बार रूममध्ये नुकतीच सनद मिळालेली एक मुलगी पाहिली होती. सनदेच्या फीसाठी तिच्या आईने पाटली मोडली होती. खिळ्याला टांगलेला कोट मैत्रिणीचा होता, आणि सिनिअरने दिलेली पन्नासची नोट ती परतीच्या एसटीसाठी वेगळी घडी घालून ठेवत होती. तिच्यासमोर टेबलावर वकीलपत्रांचा गठ्ठा होता, आणि ती प्रत्येकावर वकील कल्याण निधीचे तिकीट चिकटवत होती. कल्याण कुणाचे? ज्युनिअरला शहरात वीस हजार आणि गावात पंधरा हजार द्यावेत, असे बार कौन्सिल ऑफ इंडियाने 2024 साली कळवले खरे, पण ती नुसती शिफारस. फी घेताना सक्ती आणि देताना शिफारस, हा कुठला न्याय?

स्त्रियांचे तर विचारूच नका. राज्य कौन्सिलांतल्या निवडून आलेल्या सभासदांत स्त्रिया जेमतेम दोन टक्के आहेत, हे 2021 साली तत्कालीन सरन्यायाधीश रमणा यांनी जाहीरपणे सांगितले. स्त्रियांना वकिली खुली करणारा कायदा 1923 चा. शंभर वर्षांनी ही प्रगती! इथेही न्यायालयालाच आरक्षण लावावे लागले. आमच्या मते त्यातली प्रत्येक जागा नियुक्तीने नव्हे, मतपेटीतून भरली गेली पाहिजे. नियुक्त केलेली स्त्री सभासद नियुक्त करणाऱ्यांपुढे किती बोलू शकेल?

वकिलांत धमक नाही असे मात्र कुणी म्हणू नये. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या वकील संघांनी खंडपीठासाठी चार दशके लढा दिला. कामकाजावर बहिष्कार घातले, मोर्चे काढले, आणि 18 ऑगस्ट 2025 रोजी कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले. तळाच्या संघटनेत एवढे बळ आहे. ते स्वतःच्या घरात का वापरले जात नाही?

बार कौन्सिल ऑफ इंडियासाठी प्रत्येक वकिलाला थेट मत द्या. पाच वर्षे भरली की कौन्सिलचे अधिकार त्याच दिवशी संपले पाहिजेत, मुदतवाढीचा शब्दच नियमांतून खोडा. शिस्तपालन वेगळ्या स्वतंत्र मंडळाकडे द्या आणि त्यात वकील नसलेली माणसेही बसवा. कौन्सिलचे हिशेब तपासून राजपत्रात छापावे लागतात. ते आणि कल्याण निधीचे हिशेब दर वर्षी प्रत्येक बार रूमच्या फळ्यावर लावा, म्हणजे त्या तिकिटांचा पैसा कुठे गेला हे चिकटवणारीला वाचता येईल. आणि कायद्याने निम्म्या जागा दहा वर्षांच्या अनुभवाला राखल्या आहेत. मग पहिल्या पाच वर्षांत उपाशी राहणाऱ्यांसाठी एक तरी जागा राखायला कुणाचे काय जाते?

यातले बरेचसे संसदेने कायदा बदलल्याशिवाय होणार नाही. पण मत मागायला उमेदवार बार रूममध्ये येईल, चहा पाजील, पाठीवर हात ठेवील, तेव्हा वकिलांनी त्याला एवढेच विचारावे: मुदत संपल्याच्या दिवशी खुर्ची सोडाल काय? आणि उत्तर तोंडी घेऊ नये, प्रतिज्ञापत्रावर घ्यावे.