जिथं रेल्वे कधी धावलीच नाही

अंदलूस म्हटलं की आपल्याकडच्या शिकलेल्या मुसलमानाचा गळा दाटून येतो. कुर्तुब्याची मशीद, गरनात्याचा अल्हम्रा, आठशे वर्षांची सत्ता आणि शेवटी १४९२. इकबाल १९३३ मध्ये कुर्तुब्याला गेले, त्या मशिदीवर त्यांनी नज्म लिहिली. ती वाचून वाढलेल्या पिढ्यांनी अंदलूस म्हणजे एक मोठा मरसिया असं मनात पक्कं करून टाकलं. अलीकडे तर मुंबई-पुण्यातून 'अंदलूस टूर' निघतात. आठ दिवस, तीन शहरं, हलाल जेवण, आणि प्रत्येक इमारतीसमोर एक उसासा.

मीही हे सगळं केलं. उसासेही टाकले. पण त्या प्रवासातले दोन दिवस मी बसमधून उतरून भाड्याच्या सायकलवर घालवले, आणि ते दोन दिवस नसते तर मी अंदलूस पाहिलाच नसता, असं आज ठामपणे वाटतं.

कादिस प्रांताच्या डोंगरात ओल्वेरा नावाचं गाव आहे. पांढऱ्या चुन्याची घरं, वर खडकावर किल्ला, शेजारी चर्च. या गावाखालच्या रेल्वे स्टेशनपासून पुएर्तो सेर्रानोपर्यंत ३६ किलोमीटरची एक वाट जाते. मोटारीला बंदी. फक्त पायी चालणारे, सायकलवाले, काही ठिकाणी घोडे. स्पेनमध्ये अशा वाटांना 'व्हिया वेर्दे', म्हणजे हिरवी वाट म्हणतात. बंद पडलेल्या रेल्वेमार्गांच्या जमिनीवर १९९३ पासून त्या तयार होऊ लागल्या. तिथल्या रेल्वेचंच एक प्रतिष्ठान हे काम पाहतं, आणि आज देशभरात ३,००० किलोमीटरहून जास्त लांबीच्या अशा वाटा आहेत.

ओल्वेऱ्याच्या वाटेची गंमत अशी की इथं रेल्वे बंद पडलेलीच नाही, कारण ती कधी सुरूच झाली नाही. हेरेस ते आल्मार्हेन हा मार्ग १९२० च्या दशकात बांधायला घेतला. डोंगर फोडले, बोगदे काढले, पूल उभारले, स्टेशनं बांधली. मग पैशाची ओढाताण, मग १९३६ चं यादवी युद्ध. काम थांबलं ते थांबलंच. गरीब मुलूख, मोठ्या जमीनदारांच्या शेतीवर राबणारी माणसं. पुढं त्यातली कितीतरी पोटासाठी बार्सिलोना आणि जर्मनीकडं गेली. ज्या गाडीची त्यांच्या बापजाद्यांनी वाट पाहिली, ती काही आली नाही.

आता त्या फसलेल्या योजनेचं काय झालं ते पाहा. आगगाडीला तीव्र चढ चालत नाही. म्हणून इंजिनिअरांनी डोंगराला वळसे घातले, जिथं वळसा शक्य नव्हता तिथं भोक पाडलं. ३६ किलोमीटरमध्ये ३० बोगदे आणि चार मोठे पूल. त्यामुळं चहूबाजूंनी डोंगर असूनही सायकलला चढ असा जाणवतच नाही. पन्नाशी उलटलेला, गुडघे कुरकुरणारा माझ्यासारखा माणूसही धाप न लागता जातो. मला वाटेत नातवाला पुढच्या सीटवर बसवलेल्या आजीबाई भेटल्या, व्हीलचेअरवरचा एक तरुण भेटला. आगगाडीसाठी केलेला हिशेब अखेर यांच्या कामी आला.

सर्वांत लांब बोगदा जवळजवळ एक किलोमीटरचा. आत गारवा, पाणी ठिबकण्याचा आवाज, मध्येच वटवाघळांची फडफड. बाहेर पडलं की डोळ्यांवर ऊन आदळतं आणि समोर जैतुनाच्या रांगाच रांगा. अर्ध्या वाटेच्या जरा अलीकडं साफ्रामागोनचा कडा लागतो. त्यावर गिधाडांची मोठी वस्ती आहे. शेजारच्या स्टेशनात आता त्यांची माहिती देणारं केंद्र आहे. मी सायकल आडवी टाकून तासभर वर बघत बसलो. लहानपणी गावाबाहेर मेलेल्या जनावरावर गिधाडांचा घोळका उतरायचा. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकनं आपल्याकडची गिधाडं संपवली, तेव्हापासून इतकी एकत्र मी पाहिली नव्हती. आणि गंमत म्हणजे आपण ज्या औषधावर बंदी घातली, त्यालाच स्पेननं २०१३ मध्ये गुरांसाठी परवानगी दिली. शहाणपणाचा मक्ता कुठल्याच देशाकडं नाही.

मुद्द्यावर येतो. या वाटेवर मशीद नाही, महाल नाही. ओल्वेऱ्याचा किल्ला गरनात्याच्या सुलतानांचा होता, तो १३२७ मध्ये कास्तीलच्या अकराव्या आल्फोन्सोनं घेतला. पुढं जवळपास दीडशे वर्षं हा सारा पट्टा सरहद्दीचा होता. आजही आसपासच्या गावांच्या नावात 'दे ला फ्रोंतेरा', म्हणजे सरहद्दीवरचं, अशी शेपूट आहे. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला उरलेल्या मुसलमानांना सक्तीनं ख्रिस्ती केलं गेलं, १६०९ ते १६१४ मध्ये त्यांच्या वंशजांनाही देशाबाहेर हाकललं. हा अन्याय छोटा नव्हता. तो विसरा असं मी कुणालाच सांगणार नाही.

पण सायकल हळू चालते, त्यामुळं कान उघडे राहतात. नद्यांची नावं ग्वादालेते, ग्वादालपोर्कून. त्यातला 'ग्वाद' म्हणजे आपला 'वादी'. जैतुनाच्या झाडाला स्पॅनिशमध्ये लॅटिनवरून आलेला 'ओलिव्हो' हा शब्द आहे, पण फळाला 'आसेइतुना' आणि तेलाला 'आसेइते' म्हणतात. हे थेट अरबीतले 'जैतूना' आणि 'जैत'. पाटाला 'आसेकिया', हौदाला 'आल्बेर्का', गवंड्याला 'आल्बान्यिल'. राजांच्या इतिहासात सापडणार नाहीत असे हे शब्द. ते पाणी वळवणाऱ्यांनी, भिंती बांधणाऱ्यांनी, घाणा चालवणाऱ्यांनी मागं ठेवले. आपला मराठवाड्यातला शेतकरी खरीप आणि रब्बी म्हणतो तेव्हा आपण अरबी बोलतोय हे त्याच्या गावीही नसतं. ओल्वेऱ्याचा शेतकरीही तसाच.

माझी तक्रार इथंच आहे. आपण अंदलूस आठवतो तो तख्त गेल्याच्या दुःखात. त्यात सुलतान असतात, कष्टकरी नसतात. आजचे तर नसतातच. जाएनच्या जैतून हंगामात उत्तर आफ्रिकेतून आलेले मजूर झाडं झोडपतात. ज्यांच्या भाषेनं त्या तेलाला नाव दिलं, त्याच भाषेत ते आपसांत बोलतात. राहायला जागा मिळवताना त्यांच्या नाकी नऊ येतात. आपल्या टूरच्या पत्रकात त्यांच्यावर एक ओळ नसते. अल्हम्रासाठी रडणाऱ्याला त्यांच्यासाठी वेळ का नसावा?

आणि अवशेषांचं काय करायचं, हेही त्या डोंगरातल्या लोकांकडून शिकावं. न आलेल्या आगगाडीसाठी ते रडत बसले नाहीत. त्यांनी बोगद्यात दिवे लावले, ओल्वेरा, कोरिपे आणि पुएर्तो सेर्रानोच्या स्टेशनांत खाणावळी आणि राहायच्या खोल्या केल्या. आपल्या विदर्भात यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरची शकुंतला बंद पडून आहे. ती पुन्हा धावावी हीच माझी पहिली मागणी. पण धावणार नसेल, तर ती लांबलचक पट्टी प्लॉट पाडणाऱ्यांच्या घशात जाण्याआधी शाळेच्या पोरांच्या सायकलींना तरी मिळू द्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सायकल परत करायला गेलो. ऑक्टोबर सरत आला होता आणि पाऊस नव्हता, झाडांवरची फळं सुकून बारीक राहिली होती. दुकानदाराचे स्वतःचेही थोडे जैतून होते. माझ्या मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये मी विचारलं, या आठवड्यात पडेल का? त्यानं आभाळाकडं पाहिलं आणि एकच शब्द म्हणाला, "ओहाला." आपले लोक याला 'इन्शाअल्लाह' समजतात. भाषेचे जाणकार त्याचं मूळ 'लौ शा अल्लाह' असं सांगतात, अल्लाहनं चाहिलं असतं तर. मी "आमीन" म्हणालो. तो हसला, आणि अनामत रकमेतून ट्यूबच्या पंक्चरचे पैसे कापून घेतले.