बूट मिळाले, पण माप कुणी घेतलं?

मधल्या सुट्टीत जिल्हा परिषदेच्या शाळेसमोरून गेलात, तर व्हरांड्यात बूट काढून अनवाणी पळणारी पोरं दिसतील. आपण लगेच म्हणतो, ‘सरकार बूट देतं, पण यांना किंमतच नाही.’ थांबा जरा. तो बूट त्यांच्या पायात बसतो का, हे कुणी पाहिलंय?

२०२३ मध्ये राज्य सरकारनं पहिली ते आठवीच्या मुलांना एक जोडी बूट आणि दोन जोडी पायमोजे मोफत द्यायचं ठरवलं. एका विद्यार्थ्यामागे १७० रुपये. निर्णय चांगलाच आहे. घाटाखालचं ऊन, काळ्या मातीचा चिखल, बाभळीचे काटे; पायात काहीतरी हवंच. पण १७० रुपयांत कसला बूट येतो, ते खामगाव-मलकापूरच्या बाजारात विचारून बघा. त्यात वाढत्या वयाचा पाय. जूनमध्ये बसलेला बूट पुढं बोटांना लागायला लागतो. म्हणून घरचे आधीच मोठा नंबर घेतात, मग टाच सोलते. दोन्हीकडून नुकसान एकच : पोरगं पळणं सोडतं. जागतिक आरोग्य संघटना तर सांगते, ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते दमदार हालचाल करावी.

अनवाणी खेळणं म्हणजे मागासलेपण, हेही डोक्यातून काढा. १९९२ मध्ये राव आणि जोसेफ या दोन भारतीय डॉक्टरांनी २३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले. पायताण वापरणाऱ्यांत सपाट तळवे ८.६ टक्के मुलांचे निघाले, अनवाणी वावरणाऱ्यांत २.८ टक्के. बंद बुटांचा परिणाम चपला-सँडलपेक्षा जास्त दिसला. याचा अर्थ बूट फेकून द्या, असा नाही. रस्त्यावर, शेतात, शौचालयात पायताण हवंच. अनवाणी मातीतून जंतांचाही धोका असतो. पण काटे-काचा वेचून साफ केलेल्या मैदानावर पोरं अनवाणी खेळली, तर ओरडू नका.

आता आपलं काम. यंदाच्या एनएसएस शिबिरात भिंती रंगवण्याआधी एक दुपार शाळेला द्या. प्रत्येक मुलाला कागदावर उभं करा, दोन्ही पावलांभोवती पेन्सिल फिरवा, जे पाऊल मोठं त्याचं माप धरा आणि पुढं अंगठ्याएवढी जागा सोडा. चालताना कुणाचा पाय दुखत असेल, तर घरच्यांना डॉक्टरकडे जायला सांगा. मापांची यादी शाळा व्यवस्थापन समितीला द्या, म्हणजे पुढची खरेदी अंदाजानं होणार नाही. खर्च किती? कागद, पेन्सिल आणि पट्टी. एवढं तर आपल्याला जमेलच ना?