वीस टक्क्यांची घरं हातची जाऊ देऊ नका

मोठ्या गृहसंकुलात परिचारिकेला, रिक्षाचालकाला, दुकानातल्या हिशेबनिसालाही परवडणारं घर मिळावं, असा नियम आपल्या राज्यात आहे. नोव्हेंबर 2013 मध्ये तो आला आणि 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतही टिकला. 10 लाखांहून अधिक लोकसंख्येच्या महापालिकांत 4,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर घरं बांधायची, तर 20 टक्के वाटा अत्यल्प आणि अल्प उत्पन्न गटांसाठी ठेवावा लागतो. ही घरं कुणाला द्यायची ते म्हाडाच्या सोडतीत ठरतं. सरकारला जमीन विकत घ्यावी लागत नाही, गावाबाहेर ओसाड माळावर वसाहत उभारावी लागत नाही. जिथं रस्ता, पाणी, शाळा, बस आहे, तिथंच घर मिळतं. पुणे, ठाणे, नाशिक इथल्या कितीतरी कुटुंबांना याच वाटेनं घर मिळालं आहे.

हा नियम आता आतून पोखरला जातो आहे आणि तो वाचवायची वेळ आली आहे.

पोखरण्याची रीत साधी आहे. सलग मोठी जमीन कागदावर तोडायची आणि प्रत्येक तुकडा 4,000 च्या आत बसवायचा. मालक तेच, रस्ता तोच, प्रकल्पही एकच. वीस टक्के मात्र गायब. दुसरी वाट याहून निमूट आहे: परवानगी मिळते, इमारत उभी राहते, पण म्हाडाला कुणी कळवतच नाही. नाशिकमधला हा प्रश्न 2022 मध्ये विधिमंडळात गाजला. दुखणं एकट्या नाशिकचं आहे, असं मानायला मी तयार नाही.

म्हणून नजर महापालिकेवर हवी. नियम मंत्रालयात होतो. पण अभिन्यास मंजूर करणारा, बांधकाम परवानगी आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र देणारा नगररचना विभाग महापालिकेचा असतो. गरिबाचं घर राहतं की जातं, ते त्या टेबलावर ठरतं. तिथं एकच शिस्त लावा: वीस टक्के घरांची यादी म्हाडाकडे पोचल्याशिवाय भोगवटा नाही.

हलगर्जीपणाची किंमत मुंबईनं मोजली आहे. 1991 च्या नियमानुसार गिरण्यांच्या जमिनीचा ढोबळमानानं एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला मिळायचा होता. 58 गिरण्यांची मिळून सुमारे 600 एकर जमीन होती. 2001 मध्ये हिशेबाचा पाया बदलला. संपूर्ण जमिनीऐवजी फक्त रिकाम्या जमिनीची वाटणी ठरली आणि लोकांचा वाटा आक्रसला. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो बदल उचलून धरला. लढणारे लढले, पण तोवर उशीर झाला होता. गिरणगावात आज काय उभं आहे, ते लोअर परळला उतरून बघा.

आपल्याकडे अजून वेळ आहे. 2022 पासून कितीतरी महापालिकांत प्रशासकांचा कारभार होता, विचारायला नगरसेवकच नव्हते. जानेवारी 2026 च्या निवडणुकांनंतर सभागृहं पुन्हा भरली आहेत. तुमच्या प्रभागातल्या नगरसेवकाला गाठा आणि 2013 पासून मंजूर झालेल्या मोठ्या अभिन्यासांची यादी सभागृहात मागायला लावा. तो टाळत असेल, तर माहिती अधिकाराचा अर्ज तुम्हीच टाका: 4,000 चौरस मीटरवरचे प्रकल्प किती, त्यांत वीस टक्क्यांची घरं किती, म्हाडाला कधी कळवलं, भोगवटा कधी दिला. उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं. शेजारी-शेजारी, एकाच मालकाच्या, चार हजारांच्या जरा आतल्या परवानग्या दिसल्या, तर त्या सर्वे नंबरसह आयुक्तांना आणि म्हाडाच्या विभागीय मंडळाला लेखी कळवा आणि पोच घ्या.

हा नियम सैल करणारी अधिसूचना निघाली, तर हरकतीसाठी साधारण महिनाच मिळतो. सोसायटी, कामगार संघटना, महिला बचत गट, घरेलू कामगारांचे मेळावे, सगळीकडे हरकतीचा मसुदा आत्ताच तयार ठेवा. सह्या गोळा करायला या रविवारी बसा.