काटेवाला पाहुणा

दिवाळीला घरात काहीतरी नवे यावे ही आपली जुनी हौस. कुणी भांडे घेतो, कुणी सोने, तर कुणाच्या घरी पाडव्याच्या मुहूर्तावर काचेची मत्स्यपेटी येते. पहिले काही महिने गप्पी आणि गोल्डफिश पुरतात. मग एके दिवशी दुकानात तो चकतीसारखा, ठिपक्याठिपक्यांचा, वाऱ्यावर पदर हलावा तशा कडा हलवीत फिरणारा मासा दिसतो आणि हौशी माणूस तिथेच विरघळतो. हा गोड्या पाण्यातला पाकट. पाहुणा देखणा खरा, पण त्याच्या शेपटीला काटा आहे. म्हणून यंदा त्याच्याविषयीच चार शब्द.

कोकणच्या वाचकांना पाकट नवा नाही. जाळ्यात तो आला की जाणता कोळी आधी त्याच्या शेपटीकडे बघतो. हा पाहुणा त्याचाच चुलतभाऊ, पण त्याचे घर दूर दक्षिण अमेरिकेत, ॲमेझॉन, ओरिनोको आणि पाराना नद्यांच्या खोऱ्यांत आहे. दुकानात बहुधा मिळतो तो तपकिरी अंगाचा, पिवळसर-नारिंगी ठिपक्यांचा ‘मोटोरो’. काळ्या अंगावर पांढरे ठिपके मिरवणारा ‘लिओपोल्डी’ हा ब्राझीलच्या शिंगू नदीतला.

आता काट्याविषयी. हा काटा करवतीसारखा दातेरी असतो आणि त्याच्यावरच्या पातळ आवरणात विष असते. तरी पाकट कुणाच्या अंगावर धावून जात नाही. त्याच्यावर पाय पडला किंवा त्याला कोपऱ्यात कोंडले, तरच तो शेपूट उगारतो. म्हणूनच त्या नद्यांच्या काठची माणसे उथळ पाण्यात पाय उचलून न टाकता घसटत चालतात, म्हणजे वाळूत दडलेला पाकट आधीच बाजूला होतो. घरातला नियमही हाच. त्याला वाट द्या, तो तुमच्या वाटेला जाणार नाही.

पण वाट द्यायची तर जागा हवी. दुकानातले पिल्लू बशीएवढे दिसते, वाढल्यावर मात्र नुसती चकतीच दीड फुटाच्या वर जाते. त्याला पाण्याच्या उंचीपेक्षा तळाची रुंदी महत्त्वाची. पूर्ण वाढीच्या पाकटाला ८ फूट लांब, ३ फूट रुंद आणि २ फूट उंच टाकी मोठी म्हणता येणार नाही. एवढ्या टाकीत ४८ घनफूट पाणी मावते आणि त्याचे वजन १,३०० किलोहून अधिक भरते. काच आणि लोखंडी घडवंची वेगळीच. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांनी मासा पाहण्याआधी एखाद्या जाणत्या इंजिनियरला जमीन दाखवावी.

टाकी भरली त्याच दिवशी मासा सोडू नये. फिल्टरमध्ये उपयुक्त जीवाणू वाढायला काही आठवडे लागतात. तोवर माशाच्या मलमूत्रातला अमोनिया पाण्यात साचतो आणि पाकट त्याला चटकन बळी पडतो. नळाच्या पाण्यातले क्लोरीन हायपोने घालवावे. पाणी २६ ते २८ अंश सेल्सियस उबदार हवे. पुण्या-नाशिकच्या थंडीत हीटर लागेल, पण त्याला जाळीदार कवच घाला, कारण पाकट त्याच्यावरच जाऊन पसरतो आणि भाजून घेतो. तळाशी बारीक वाळू असावी, टोकदार दगड नकोत. तांबे असलेली औषधे तर त्याच्या टाकीत मुळीच घालू नयेत. दिवाळीपूर्वी घराला रंग काढाल किंवा झुरळांचे औषध फवाराल तेव्हा हवेचा पंप त्या खोलीतली हवा ओढणार नाही, हे पाहा.

टाकीला झाकण हवे आणि घरात लहान मुले असतील तर त्याला कुलूपही. सफाई करताना मासा कुठे आहे ते पाहिल्याशिवाय हात पाण्यात घालू नका. मध्ये आडपडदा सरकवा आणि जवळ दुसरे माणूस ठेवा. रबरी हातमोज्यांवर विसंबू नका, काटा त्यांतून आरपार जातो. हलवायचा झाल्यास जाळे वापरू नये, काटा त्यात अडकतो. पाण्यातच प्लॅस्टिकचा टब धरून त्याला हलकेच आत घ्यावे. काटा कापून टाकण्याचा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नका. माशाला जखम होते आणि काटा पुन्हा उगवतो.

एवढे करूनही काटा लागलाच, तर जखम धुऊन हात-पाय कढत पाण्यात बुडवावा. पाणी सोसवेल इतकेच, सुमारे ४५ अंशांचे असावे. ते दुखऱ्या हाताने न पाहता चांगल्या हाताने पाहावे. अर्धा ते दीड तासात वेदना बहुधा उतरते. तरी डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे, कारण काट्याचा तुकडा आत राहतो आणि धनुर्वाताची भीती असते. छाती, पोट किंवा मानेत काटा रुतला तर तो उपसू नये, तसेच रुग्णालय गाठावे. ४ सप्टेंबर २००६ रोजी ऑस्ट्रेलियाचे स्टीव्ह अर्विन समुद्री पाकटाचा काटा छातीत घुसूनच दगावले.

आणखी एक. यांतल्या लिओपोल्डीसह सात जाती २०२२ साली वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करारात समाविष्ट झाल्या. तेव्हा बिल घ्या आणि नोंदणीविषयी वनखात्याकडे विचारणा करा. मासा जड झाला म्हणून तळ्यात मात्र सोडू नका. सिंगापूरच्या जलाशयात असेच सोडलेले मोटोरो आज तिथलेच रहिवासी होऊन बसले आहेत.

एवढे सगळे निभावण्याची तयारी असेल, तर पाकट खुशाल आणा. तो वर्षानुवर्षे सोबत करील आणि खाऊ दाखवताच काचेशी धावत येईल. तयारी नसेल, तर गप्पी मासे काय वाईट? डासांच्या अळ्या खातात आणि कुणाला काटा मारीत नाहीत. दिवाळी सर्वांना सुखाची जावो!