डेटिंग : स्वैराचार की स्वातंत्र्य? (थ्रेड)

१/ अमेरिकेत माणसे पूर्वापार स्वतःच्या मर्जीने जोडीदार निवडत आली, हा आपल्याकडील एक चिवट गैरसमज. संस्कृतिरक्षक त्याला स्वैराचार म्हणतात, आधुनिकतेचे भक्त स्वातंत्र्य. इतिहास दोघांनाही साथ देत नाही.

२/ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील मध्यमवर्गात ‘कॉलिंग’ची रीत होती. तरुणाने मुलीच्या घरी भेटीस जायचे. पण मुलीचे वा तिच्या आईचे बोलावणे आल्यावरच. दिवाणखान्यात गप्पा, पियानो, जवळपास वडीलधारे. उंबरठ्याच्या आत कोणाला घ्यायचे, हे घरातील स्त्रिया ठरवीत.

३/ ‘डेट’ हा शब्द आजच्या अर्थाने आढळतो तो १८९६ मध्ये, शिकागोचे पत्रकार जॉर्ज एड यांच्या सदरात. तेथे तो रस्त्यावरच्या बोलीत बोलणाऱ्या एका तरुण पात्राच्या तोंडी आहे. अर्थात ही रीत बंगल्यांतून खाली उतरली नाही. ती खालून वर चढली.

४/ कारण साधे होते. न्यूयॉर्क-शिकागोतील कामगार कुटुंबे दोन-तीन खोल्यांत राहत, वर भाडेकरूही ठेवीत. दिवाणखानाच नसेल तर पाहुण्याला बसवायचे कोठे? म्हणून भेटी नृत्यगृहांत, कोनी आयलंडवर, पुढे पाच सेंटांच्या चित्रपटगृहांत होऊ लागल्या. डेटिंगचे मूळ चंगळीत नव्हे, जागेच्या टंचाईत आहे.

५/ घराबाहेर मात्र पैसा लागतो. मुलींची मजुरी तुटपुंजी, तीही बहुधा आईच्या हाती जाई. खर्च पुरुषाने करायचा, हे ओघानेच आले. ज्याचा खर्च, त्याचा पुढाकार! बोलावण्याचा अधिकार स्त्रीकडून पुरुषाकडे गेला, हे इतिहासकार बेथ बेली यांनी १९८८ च्या ग्रंथात दाखवले आहे. मुलीवरचा घरचा पहारा सैल झाला, पण त्याची किंमत तिनेच मोजली.

६/ १९३७ मध्ये समाजशास्त्रज्ञ विलार्ड वॉलर यांनी महाविद्यालयीन डेटिंगला प्रतिष्ठेची स्पर्धा ठरवले. मुलाकडे मोटार आहे का? मुलीला मागणी किती? स्थळाचे ‘पॅकेज’ विचारणाऱ्यांना हे प्रश्न परके वाटू नयेत.

७/ आणि कायदा? रिचर्ड लव्हिंग गोरा. मिल्ड्रेडची गणना ‘कृष्णवर्णीय’ अशी. १९५८ मध्ये त्यांनी वॉशिंग्टनला जाऊन विवाह केला, म्हणून व्हर्जिनियात पोलिसांनी त्यांना मध्यरात्री शयनगृहातून अटक केली. पंचवीस वर्षे राज्याबाहेर राहण्याच्या अटीवर तुरुंगवास टळला. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने असे कायदे रद्द केले, तेव्हाही ते सोळा राज्यांत लागू होते.

८/ तात्पर्य, निवडीचे स्वातंत्र्य अमेरिकेच्या रक्तात नव्हते. ते स्वतःची कमाई, स्वतःची जागा आणि न्यायालयीन लढे यांतून, तेही अपुरे, मिळत गेले. ‘ते त्यांच्या संस्कृतीत आहे, आपल्या नाही’ असे म्हणून आंतरजातीय जोडप्यांचा मार्ग अडवणाऱ्यांनी व्हर्जिनियाचा निकाल वाचावा. तेथील न्यायाधीशही वंशभेद ही देवाचीच योजना असल्याचे सांगत होता.