तरुण संघ आणि बाद फेरीची घाई

दिल्लीत ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी झालेल्या प्रो-कबड्डीच्या अंतिम सामन्यात दबंग दिल्लीने पुणेरी पलटणवर ३१-२८ अशी मात केली, तेव्हा आपल्याकडे हळहळ वाटली हे साहजिकच होय. परंतु तरुण खेळाडूंवर उभारलेल्या संघाचा ताळेबंद तीन गुणांच्या फरकावर मांडावयाचा काय?

या संघाची घडण पाहण्यासारखी आहे. २०२१-२२ च्या हंगामात राहुल चौधरी, नितीन तोमर अशी वजनदार नावे पदरी असतानाही चढाईचा भार अखेर अस्लम इनामदार आणि मोहित गोयत या नवख्यांवर आला. त्या वर्षी संघ बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात गारद झाला. डिसेंबर २०२२ मध्ये अंतिम सामन्यात जयपूरकडून २९-३३ अशी हार पत्करावी लागली. १ मार्च २०२४ रोजी हरियाणाला २८-२५ असे नमवून विजेतेपद आले. आणि लगेच पुढच्या हंगामात, अस्लम जायबंदी झालेला असताना, पहिल्या सहांतही स्थान मिळाले नाही! गुंतवणूक व तिचे फळ यांत कालांतर असते, आणि फळ दरवर्षी सारखे येत नाही. हे रावेर-यावलच्या केळीउत्पादकाला अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने शिकविण्याची गरज नाही. निसवणीआधी घडाचे वजन तो कोणाला विचारीत नाही.

पैशाने यश विकत मिळत नाही, असे मात्र समजू नये. इराणच्या शादलूईसाठी पुण्याने २.३५ कोटी मोजले व विजेतेपद मिळविले. पुढील वर्षी तोच खेळाडू २.०७ कोटींना हरियाणाकडे गेला आणि विजेतेपदही तिकडे गेले. उलट, २०२२ मध्ये तमिळ थलैवाजने २.२६ कोटींना घेतलेला पवन सेहरावत पहिल्याच सामन्यात जखमी झाला, तरी नरेंदरसारख्या नव्या मुलांनी तो संघ उपांत्य फेरीपर्यंत नेला. एका माणसावर सारे भांडवल लावण्यातील धोका आणि लाभ, दोन्ही येथे दिसतात.

शिवाय ‘बाद फेरी गाठली’ ही कसोटीच मुळात सैल आहे. पूर्वी बारांपैकी सहा संघ पुढे जात. २०२५ मध्ये आठ संघांना पुढची संधी होती. दोन-तृतीयांश विद्यार्थी उत्तीर्ण होणाऱ्या परीक्षेतील यशापयशावरून गुणवत्ता कशी जोखणार? त्यापेक्षा पराभव किती गुणांनी झाले, अखेरच्या पाच मिनिटांत चढाई कोणाच्या हाती सोपविली गेली आणि तीच मुले पुढील हंगामात संघात राहिली काय, हे पाहणे अधिक उद्बोधक ठरेल.

या घाईची किंमत कोण देतो, हा खरा प्रश्न आहे. नवे तरुण खेळाडू लिलावाबाहेर, ठरावीक मानधनावर संघात येतात. पहिल्या चार-पाच पराभवांनंतर ओरड सुरू झाली, की बाकावर प्रथम बसतो तो हाच स्वस्त मुलगा. कोटींत घेतलेल्याला बसविणे मालकाला परवडत नाही. खानदेशातील शाळांच्या मैदानांवरून एखादा चढाईपटू उद्या तेथवर पोहोचला, तर त्याला किमान दोन हंगाम खेळावयास मिळतील एवढी हमी संघमालकांनी हंगामापूर्वीच जाहीर करावी. विजेतेपदाची आश्वासने त्यानंतर दिली तरी चालतील.