देखरेख प्रक्रियेवर हवी, मतदारावर नको

मतदान म्हणजे एका दिवसाचे काम, ही समजूत अमेरिकेतील अनेक राज्यांत केव्हाच मागे पडली आहे. नॉर्थ कॅरोलायनात मुख्य दिवसाआधी १७ दिवसांचे मुदतपूर्व मतदान चालते. तेथे प्रत्येक पक्षाला प्रत्येक केंद्रावर दोन निरीक्षक नेमता येतात. शिवाय काही जादा निरीक्षकही असतात. २०२३ मध्ये राज्यपालांचा नकाराधिकार डावलून संमत झालेल्या कायद्याने या निरीक्षकांना केंद्रात फिरण्याची व टिपणे घेण्याची मुभा दिली. मात्र मतपत्रिका पाहण्यास आणि मतदाराशी बोलण्यास मनाई आहे. टेक्सासने २०२१ मध्ये निरीक्षकांना प्रशिक्षण सक्तीचे केले. त्याच कायद्यात त्यांना अडवणाऱ्या अधिकाऱ्यास शिक्षेची तरतूदही केली.

आपल्याकडे निरीक्षक म्हणजे निवडणूक आयोगाने पाठविलेला अधिकारी. उमेदवाराचा माणूस तो मतदान प्रतिनिधी. केंद्रावरील त्याचे स्थान नियमांनी पक्के केले आहे. मतदान संपल्यावर झालेल्या मतांचा हिशेब, म्हणजे नमुना १७-सी, त्याच्या हाती द्यावाच लागतो. गुप्ततेचा भंग केल्यास लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२८ नुसार तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

मुदतपूर्व मतदानाशी आपले खरे साम्य आहे ते गृहमतदानात. ८५ वर्षांवरील मतदार आणि ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेले मतदार यांना ही सोय २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत देशभर मिळाली. मतदानाच्या दिवसाआधीच पथक मतदाराच्या घरी जाते, मतपत्रिका पाकिटात बंद करून घेते व प्रसंगाचे चित्रीकरण होते. उमेदवाराच्या प्रतिनिधीलाही सोबत राहता येते.

येथेच प्रशासनाने थबकून विचार करावा. केंद्रावर मतदानाचा आडोसा असतो. घरात माजघर, खाट आणि भोवती माणसे. अमेरिकेतील निरीक्षक बहुधा मतदाराला अनोळखी असतो. आपल्या गावात आलेला प्रतिनिधी म्हणजे कदाचित ज्याच्या शेतावर मुलगा राबतो तो, किंवा ज्याच्याकडून कर्ज घेतले तो. तो बोलला नाही तरी त्याचे उभे राहणेच पुष्कळ बोलते. उलट प्रतिनिधीच नको म्हटले, तर बंद दाराआड कर्मचाऱ्यांनी काय केले याला साक्षीदार उरत नाही. दुर्बळ उमेदवाराची अडचण आणखी वेगळी: पथकामागे गावोगाव फिरायला त्याच्याकडे गाडीही नसते.

म्हणून तीन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. पहिली, पथकाचा मार्ग व वेळ सर्व उमेदवारांना एकाच वेळी, लेखी आणि पुरेशी आधी कळवावी. दुसरी, प्रतिनिधीने यादी, ओळख, पाकीट व पेटीचे सील पाहावे. मात्र मत नोंदविताना त्याने, आणि कॅमेऱ्यानेही, उंबऱ्याबाहेर थांबावे. तिसरी, रोज सायंकाळी किती घरे झाली, किती मते पेटीत पडली याचा सहीचा हिशेब नमुना १७-सीप्रमाणे प्रत्येक उमेदवाराला हक्काने मिळावा. त्याचा माणूस हजर असो वा नसो.

मोजणीच्या दिवशी हरलेल्या उमेदवाराला आकडे जुळलेले दिसले पाहिजेत. आणि खाटेवरच्या आजीला खात्री हवी, की आपले मत फक्त आपल्यालाच ठाऊक आहे. नियम चांगला की वाईट, हे या दोघांना विचारूनच ठरवावे.